ओलीसनाट्य लिहिताना काय चुकतं?

वेशीवरचा (धागाकर्ता)

दिवाळी अंकांतल्या रहस्यकथा, ओटीटीवरच्या मालिका, अनुवादित थरारक कादंबऱ्या... ओलीस ठेवल्याचा प्रसंग आता सगळीकडे सापडतो आणि बहुतेक वेळा एकाच साच्यातून काढलेला असतो. बाहेर इन्स्पेक्टर भोंगा तोंडाला लावून 'तुला चारही बाजूंनी घेरलंय, शरण ये' म्हणतो. आतला तासाभरात हेलिकॉप्टर मागतो. तास भरत आला की नायक एसीच्या डक्टमधून सरपटत पोचतो आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळं आटोपतं.

यात मला सर्वांत जास्त खटकतं ते घड्याळ. कथेत एकेक मिनिट आतल्या माणसाच्या बाजूचं असतं. प्रत्यक्षात पहिला अर्धा-पाऊण तास गेला की वेळ हळूहळू पोलिसांच्या बाजूला झुकते. सुरुवातीला त्याचं रक्त तापलेलं असतं, ओलीस किंचाळत असतात, बेत फसलेला असतो. हात चुकून चापावर जाण्याचा धोका तेव्हा फार. ते टळलं की भूक लागते, झोप येते, लघवी लागते, उकडतं. एकाच खोलीत तासन् तास बसलेली माणसं एकमेकांची नावं विचारतात. मागण्या आक्रसायला लागतात.

आयसी-८१४ आठवा. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला पोचलं. तिथे अपहरणकर्त्यांची मागणी ३६ कैदी आणि २० कोटी डॉलर अशी होती. ३१ तारखेला ती तीन कैद्यांवर आली. ती किंमत योग्य होती का, यावर आजही वाद होतो आणि व्हायलाच हवा. पण ३६ वरून तीनवर येण्याच्या त्या दिवसांत लिहिण्यासारखं केवढं आहे, आणि कथेत आपण नेमकं तेच कापतो.

बोलण्याचं हे शास्त्र तसं अलीकडचं. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीसनाट्यात ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी असं पहिलं प्रशिक्षित पथक उभं केलं. त्यात हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ हा अधिकारी अशी जोडी होती. म्हणजे तुमची कथा १९७२ च्या आधी घडत असेल तर निगोशिएटर, म्हणजे आतल्याशी बोलणी करणारा प्रशिक्षित पोलीस, दाखवूच नका.

ज्यांना या विषयातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. मोघम नको, तपशील हवेत.

ओसरी

चांगला धागा. संवादांपासून सुरुवात करते, कारण मराठीत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी माणसं. फोनवर एकच जण बोलतो. त्याच्या शेजारी दुसरा बसतो. तो स्वतः बोलत नाही, ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो: 'आवाज चढला', 'मुलीचं नाव विचार', 'थांब'. तिसरा भिंतीवरच्या फळ्यावर नोंद ठेवतो: किती वाजता काय मागितलं, काय कबूल केलं, आतल्यांची नावं, कोणाला कोणतं औषध लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, ज्याच्या हातात निर्णय असतो तो फोनवर नसतो. कमिशनरसाहेब स्वतः बोलायला लागले की आतल्याच्या प्रत्येक मागणीला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं. 'वरच्यांना विचारून सांगतो' ही पळवाट संपते, आणि वेळ काढण्याचं साधन तेवढंच असतं.

आता एक प्रसंग घेऊ. तालुक्याच्या गावातली पतसंस्था. पन्नाशीचा ठेवीदार, हातात गावठी कट्टा, आत पाच कर्मचारी आणि दोन खातेदार.

– पाच वाजेपर्यंत माझे पैसे आले नाहीत तर एकेकाला उडवीन.
– पैशांचं म्हणताय.
– चार लाख. पोरीच्या लग्नाचे.
– लग्नाचे.
– आठ महिने हेलपाटे घालतोय. चहा पाजतात आन् उद्या या म्हणतात.
– आठ महिने 'उद्या या'. डोकं फिरेल माणसाचं.
(दोघंही गप्प. दहा-बारा सेकंद.)
– तारीख धरलीय हो. सतरा मे.

यात अधिकाऱ्याने काय केलं बघा. 'पाच' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. 'पाचपर्यंत जमणार नाही, सहा करा' असं म्हटलं असतं तर मुदत त्याने स्वतःच्या तोंडाने मान्य केली असती आणि वर सहाची नवी मुदत बांधून घेतली असती. त्याऐवजी त्याने समोरच्याचेच शब्द परत केले, मग भावनेला नाव दिलं, मग गप्प बसला. गप्प बसणं लेखकांना जमत नाही, कारण पानावर ते रिकामं दिसतं. लिहा ते. पाचला दहा कमी असताना त्याने स्वतःहून फोन करावा आणि लग्नाबद्दल, पोरीबद्दल, कशाबद्दलही बोलत राहावं. घड्याळात पाच वाजून सात होतात आणि आतल्याला ते कळतही नाही. मुदत टळते ती अशी.

काही शब्द निगोशिएटर टाळतो. 'ओलीस' म्हणत नाही. नावं घेतो, नाहीतर 'आतली मंडळी'. 'शरण' तर मुळीच नाही, 'बाहेर येणं' म्हणतो. 'का केलंत?' विचारत नाही, त्यात जाब विचारल्याचा सूर असतो. 'काय झालं?' विचारतो.

आणि आपल्या भाषेतला एक खास मुद्दा, तू आणि तुम्ही. पन्नाशीच्या माणसाला अधिकारी 'तू' म्हणाला की अपमान झालेल्या माणसाचा आणखी अपमान. वीस वर्षांच्या पोराशी पहिल्या मिनिटापासून 'तुम्ही' केलं तर ते सरकारी वाटतं. 'तुम्ही'वरून 'दादा'वर, 'दादा'वरून नावावर कधी आले, हे नुसत्या सर्वनामांतून दाखवता येतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे ही सोय नाही. आपण ती का वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोटीबंद

ओसरी, प्रसंग आवडला. एक शंका. तुमच्या प्रसंगात मॅनेजर आत आहे की बाहेर?

ओसरी

हा प्रश्न लेखकाने पहिल्याच परिच्छेदात स्वतःला विचारायला हवा. मॅनेजर बाहेर असेल तर आतले सात जण त्याच्या दृष्टीने सौद्याचा माल आहेत: त्यांना जपलं तरच पैसे मिळणार. मॅनेजर आत असेल आणि हा माणूस पैशांचं बोलतच नसेल, नुसताच त्याच्यावर ओरडत असेल, तर ते ओलीसनाट्यच नव्हे. आतला माणूस तिथे सौद्यासाठी नाही, बळी म्हणून आहे. प्रशिक्षणात हा फरक अगदी सुरुवातीला शिकवतात. ज्याला बाहेरून काहीच नकोय, त्याच्याशी देवाणघेवाण करता येत नाही. सोडून गेलेल्या बायकोला कोंडून बसलेला नवरा आणि बँक लुटताना अडकलेला चोर यांना एकच संवाद देता येणार नाहीत. आणि आतून एकही मागणी येत नाही, ही पानावरची सगळ्यात भीतिदायक ओळ ठरू शकते.

तारायंत्र

फोनबद्दल. कथेत तो स्वतःचा मोबाइल वापरतो आणि चॅनेलवाल्यांनाही लावतो. प्रत्यक्षात पोलिसांची पहिली धडपड असते ती आतल्याला एकाच कानाशी जोडण्याची. इमारतीच्या लँडलाइन तोडतात किंवा फक्त निगोशिएटरकडे वळवतात. बऱ्याच देशांतली पथकं यासाठी एक खोका आत पाठवतात. त्यात कठीण प्लास्टिकच्या आवरणात रिसीव्हर असतो आणि मागे लांब वायर. रिसीव्हर उचलला की थेट पलीकडे घंटी वाजते, दुसरा नंबर लावताच येत नाही. तो खोका दारापर्यंत न्यायचा कसा, हीच एक वाटाघाट असते: कोण ठेवणार, किती पावलं मागे जाणार, आतून कोण घेणार. वायर दाराच्या फटीत चेमटते, कोणी तिच्यावर खुर्ची ठेवतं आणि आवाज तुटतो. असं काहीतरी बिघडवा. खऱ्या प्रसंगात तेच बिघडतं.

भोंग्याचा उपयोग फार तर पहिल्या मिनिटांत, फोन लागेपर्यंत. ओरडून सहानुभूती दाखवता येत नाही. शिवाय सगळा चौक ऐकत असतो आणि आतल्याला गर्दीसमोर मान ठेवावी लागते. १९७५ चा 'डॉग डे आफ्टरनून' पाहिला तर त्यात भर रस्त्यात, गर्दीसमोर आरडाओरड करत बोलणी चालतात. तो चित्रपट ज्या घटनेवर बेतलाय ती २२ ऑगस्ट १९७२ ची, ब्रुकलिनमधली. म्हणजे म्युनिकच्या दोन आठवडे आधीची, वर सांगितलेलं पथक जन्मायच्या आधीची. त्या काळाला ते शोभतं. २०२४ च्या पुण्यात घडणाऱ्या कथेला शोभत नाही.

स्नायपरचंही असंच. आतल्याच्या छातीवर लाल ठिपका नाचवणारा स्नायपर विसरा. त्याचं खरं काम दुर्बिणीतून बघणं आणि सांगत राहणं: कुठल्या खिडकीचा पडदा हलला, किती वेगळे चेहरे दिसले, शस्त्र कुठल्या हातात. इमारतीच्या चार बाजूंना रंग किंवा आकडे दिलेले असतात, नाहीतर 'डावीकडची खिडकी' म्हणजे कोणाच्या डावीकडची, यावरून गोंधळ होतो. म्युनिकमध्ये पोलिसांचा अंदाज चार-पाच हल्लेखोरांचा होता, निघाले आठ. विमानतळावर नेमबाज पाचच ठेवलेले होते आणि त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हते. मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. कथेचा कणा होण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे.

कोनाडा

जेवणावर कोणीतरी लिहा ना.

वेशीवरचा

लिहितो. आतून जेवण मागितलं की ते पाठवायचं, पण फुकट नाही. पतसंस्थेच्या प्रसंगात एका खातेदार बाईला दमा असेल तर 'त्या ताईंना बाहेर पाठवा, जेवण दाराशी येतंय'. आणि शक्यतो एकेकाचं बांधलेलं पार्सल द्यायचं नाही. आठ माणसांना मिळून करावं लागेल असं द्यायचं: पावाची लादी, लोणी, चिरलेले टोमॅटो, काकडी, एक मोठं पाण्याचं भांडं. आठ वडापाव आले की तो कोपऱ्यात उभा राहून एक खातो आणि सात भिरकावतो. पाव-लोणी आलं की कोणाला तरी लावायला बसवावं लागतं, 'तुम्हाला काकडी चालते का' असं कोणीतरी विचारतं. तेवढ्याने माणूस माणसाला दिसतो. दारू मात्र कधीच आत जात नाही, शस्त्रही नाही.

१९७५ मध्ये नेदरलँड्समध्ये दक्षिण मोलुक्कन तरुणांनी आगगाडी ताब्यात घेतली होती. एका संपादकाला मारायचं ठरलं. त्याने घरच्यांसाठी निरोप सांगितला: संसारातल्या अडचणी, मुलं, राहून गेलेल्या गोष्टी. ऐकणाऱ्यांच्याने मग त्याला मारवेना. त्यांनी दुसऱ्याला निवडलं आणि त्याला बोलायची संधीच दिली नाही. हा दुसरा भाग लेखक विसरतात. माणुसकी जागी होते, पण सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

निमशहरी

हे 'माणूस माणसाला दिसतो' म्हणजेच स्टॉकहोम सिंड्रोम ना? माझ्या माहितीप्रमाणे ओलीस हमखास प्रेमात पडतात, निदान नायिका तरी.

चंद्रमौळी

हमखास नाही, आणि या शब्दाने कथांचं फार नुकसान केलंय.

ऑगस्ट १९७३, स्टॉकहोमच्या नॉर्मल्मस्टोर्ग चौकातली बँक. चार ओलीस, सहा दिवस. त्यांतल्या एका तरुणीने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन करून सांगितलं की मला या माणसांची नाही, पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटते. हे वेडेपणाचं म्हणून गाजलं. पण तिच्या जागी बसून बघा. पुढे पोलिसांनी तिजोरीच्या खोलीचं जाड दार बाहेरून बंद करून टाकलं, ओलीस आतच. वरून छताला भोकं पाडणं सुरू होतं आणि त्या भोकांतून गॅस सोडणार हे आतल्यांना कळलेलं. अशा वेळी ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला शांत ठेवणं आणि बाहेरच्यांनी घाई करू नये असं वाटणं, याला मी शहाणपण म्हणेन. सिंड्रोम हे नाव देणारे निल्स बेयेरोट त्याच प्रसंगात पोलिसांचे सल्लागार होते. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन 'डीएसएम' सूचीत हा आजार नाही.

लिहायचं असेल तर हे असं लिहा: ती त्याच्या विनोदाला हसते, कारण न हसणं धोक्याचं आहे. चौथ्या दिवशी तिला कळेनासं होतं की हसू खरं होतं का. प्रेमापेक्षा हे कितीतरी अस्वस्थ करणारं आहे.

निमशहरी

पटलं. शब्द मागे घेतो.

हिरडा-बेहडा

वैद्यकीय बाजू. कथेत 'झोपेचा वायू' सोडतात, सगळे अलगद झोपतात, कमांडो आत जातात, शुद्धीवर आलेली नायिका पाणी मागते. असा वायू अस्तित्वात नाही.

मॉस्को, २३ ते २६ ऑक्टोबर २००२, दुब्रोव्का नाट्यगृह. आठशेहून अधिक ओलीस. रशियन दलांनी वायुवीजनातून फेंटॅनिलच्या जातीतलं द्रव्य सोडलं. सुमारे १३० ओलीस मेले आणि त्यांतले बहुतेक त्या द्रव्यामुळे. कारण साधं आहे. अशी द्रव्यं झोपेबरोबर श्वासही मंद करतात. झडपेजवळ बसलेल्याला जास्त मिळतं, लांबच्याला कमी. किरकोळ अंगाची बाई, दम्याचा म्हातारा, लहान मूल, सगळ्यांचं प्रमाण वेगळं आणि हवेत ते मोजून देता येत नाही. बेशुद्ध माणसाला उताणं ठेवलं की जीभ मागे पडते, उलटी घशात जाते. तिथे बाहेर काढलेल्यांना उताणं निजवलं गेलं, बसमधून नेलं गेलं. कोणतं द्रव्य आहे हे डॉक्टरांना नीट सांगितलं नव्हतं, उतारा पुरेसा नव्हता. जेवणात गुंगीचं औषध घालण्याचीही हीच अडचण: कोण किती खाईल यावर ताबा नाही, आणि आतला आधी ओलिसालाच चाखायला लावेल.

शरीराकडे लेखकांनी जरा प्रेमाने बघावं. दोन दिवस कोंडलेल्या माणसांत कोणाचं इन्सुलिन चुकतं, कोणाची पाळी येते, बादली कुठे ठेवायची यावरून कुजबूज होते. लंडनच्या इराणी दूतावासात, १९८० साली, पहाऱ्यावरचा कॉन्स्टेबल ट्रेव्हर लॉक स्वतःच ओलीस झाला. त्याच्या कोटाखालचं रिव्हॉल्व्हर हल्लेखोरांना सापडलं नव्हतं. शौचाला जाताना कोट काढावा लागेल आणि ते दिसेल, म्हणून त्याने खाणं टाळलं. तो सहाव्या दिवसापर्यंत कोट घालून बसला होता. कुठल्याही डक्टमधल्या सरपटण्यापेक्षा तो न काढलेला कोट मला जास्त थरारक वाटतो.

गोटीबंद

'मला घ्या, तिला सोडा' हे चालतं का?

ओसरी

पथकांचा नियम स्पष्ट आहे: अदलाबदल नाही. अनोळखी सात जणांच्या जागी एक ओळखीचा, मोलाचा माणूस मिळाला तर आतल्याचं बळ वाढतं.

पण नियम मोडल्याचं खरं उदाहरण आहे. २३ मार्च २०१८, दक्षिण फ्रान्समधलं त्रेब. सुपरमार्केटमधल्या एका बाईच्या जागी लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्त्राम स्वतः गेला. त्याने आपला फोन चालू ठेवला होता, म्हणून बाहेरच्यांना आतलं ऐकू येत राहिलं. तो वाचला नाही. ती बाई वाचली. हे लिहायचं तर नायकाची अदा म्हणून नको. तो आत गेल्यावर बाहेर फोनला कान लावून बसलेल्यांचं काय झालं असेल, ते लिहा.

सातबारा

महाराष्ट्रात कथा घडत असेल तर थोडं. आधी पोचतं ते जवळचं पोलीस ठाणं. घेरा दोन पदरी लागतो, आतला शस्त्रधारी पोलिसांचा, बाहेरचा गर्दी थोपवणारा. फोर्स वन हे राज्याचं पथक २६/११ नंतरचं, मुंबईत एनएसजीचं केंद्रही २००९ पासूनचं. २००५ च्या कथेत यांतलं काही येता कामा नये. कलमं तशीच: खंडणीसाठी अपहरण भारतीय दंड संहितेत ३६४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १४०(२).

आणि टीव्ही. २८ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो देशाने थेट बघितले आणि हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडून तेच पाहून फोनवर सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून खडसावलं. २०१५ मध्ये केबल नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती. म्युनिकमध्येही हेच झालं होतं, छतावर चढणारे पोलीस आतल्यांना टीव्हीवर दिसले. आज मात्र वाहिनी गप्प असली तरी समोरच्या गॅलरीतला मुलगा मोबाइलवर लाइव्ह असतो. नवा लेखक इथून सुरुवात करू शकतो.

चंद्रमौळी

यात जोड. २६/११ च्या प्रसंगांना पतसंस्थेचं शास्त्र लावू नका. तिथे आलेली माणसं मारायला आणि मरायला आली होती, आणि बोलणारा खरा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होता. अशा वेळी निगोशिएटर समोरच्याला वळवायला कमी आणि वेळ, आवाज, आकडा मिळवायला जास्त बोलतो.

तारायंत्र

आवाज झाकण्याची दोन उदाहरणं, कोणाला उपयोगी पडतील. लंडनच्या त्या दूतावासात भिंतीला भोकं पाडून ऐकण्याची यंत्रं बसवायची होती. ड्रिलचा आवाज बुडावा म्हणून हीथ्रोला येणारी विमानं खालून उडवली. पेरूची राजधानी लिमा इथे जपानी राजदूताचं निवासस्थान बंडखोरांच्या ताब्यात आणि १२६ दिवस वेढ्यात होतं, डिसेंबर १९९६ ते एप्रिल १९९७. खालून बोगदे खणताना बाहेर कर्ण्यांवर लष्करी संगीत लावत. सुरुंग उडाला तेव्हा बंडखोरांपैकी बरेच जण खालच्या दिवाणखान्यात फुटबॉल खेळत होते. रोज त्याच वेळी खेळायचे, हे बाहेरच्यांना लपवलेल्या मायक्रोफोनमधून कळलं होतं. १२६ दिवसांत माणसं दिनक्रम लावून घेतात आणि दिनक्रमच घात करतो.

वेशीवरचा

राहिलेला भाग बाहेर येण्याचा. पहिल्या पाऊण तासाइतकाच हाही धोक्याचा, आणि कथेत याला एक वाक्य मिळतं: 'त्याने बंदूक टाकली.' कुठे टाकली? निगोशिएटर आधी सगळं तोंडी घडवून घेतो. कट्टा रिकामा करून काउंटरवर ठेवायचा, बरोबर आणायचा नाही. शर्ट वर करून कंबर दाखवायची. पुढचं दार, तळवे उघडे, सावकाश, तिसऱ्या पायरीवर थांबायचं. बाहेर एकच आवाज सूचना देईल, दुसरं कोणी ओरडलं तर लक्ष द्यायचं नाही. मग त्याच्याकडून ते परत वदवून घ्यायचं. घेऱ्यातल्या प्रत्येक पोलिसाला हाच क्रम कळवायचा, नाहीतर खिशातला रुमाल काढणाऱ्यावर गोळी सुटते. तुमच्या ठेवीदाराला बाहेर येताना चपला घालायच्या असतील. घालू द्या, आणि त्यासाठी फोनवर दोन मिनिटं खर्च करा.

हिरडा-बेहडा

आणि ओलिसांचं बाहेर येणं? ते कोणी लिहीतच नाही. मिठी, अश्रू, शाल, संपलं.

तारायंत्र

५ मे १९८० ची संध्याकाळ. कमांडोंनी दूतावासातून काढलेल्या ओलिसांना जिन्यावरून हातोहात खाली ढकलत नेलं आणि मागच्या बागेत गवतावर पालथं पाडून सगळ्यांचे हात बांधले. त्या क्षणी कोण कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. जिन्यावरून उतरणाऱ्या त्या रांगेत एक हल्लेखोर सापडला होता, हातात ग्रेनेड. गवतावर बांधलेल्यांमध्ये आणखी एक निघाला. सहा जणांपैकी तो एकटा जिवंत राहिला. बाकीच्या सुटलेल्यांनी स्वातंत्र्याची पहिली मिनिटं तोंड मातीत, मनगटं पाठीमागे, अशी काढली, ओळख पटेपर्यंत.